हौशी मंडळाचे संकेतस्थळ कसे सांभाळावे: नव्या स्वयंसेवकांसाठी

बडोद्यात हौसेने चालणारी मंडळे पुष्कळ आहेत. कोणी पक्षी पाहते, कोणी जुनी नाणी जमवते, कोणी गाण्याच्या बैठका भरवते, कोणी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पावागड चढते. यातील अनेक मंडळांचे संकेतस्थळ एखाद्या उत्साही सभासदाने दिवाळीच्या सुट्टीत उभे केलेले असते, आणि तो सभासद नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की पुढची दोन-तीन वर्षे पहिल्या पानावर तीच जुनी सहल दिसत राहते. गेली काही वर्षे मी एका पक्षिनिरीक्षण मंडळाचे संकेतस्थळ सांभाळतो आहे. संकेतस्थळ उभे करणे फारसे कठीण नसते; आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला ते विनासायास चालवता येईल अशा स्थितीत ठेवणे हे खरे कष्टाचे काम असते, आणि पुढील सर्व सूचना त्याच एका हेतूने केल्या आहेत. उदाहरणे पक्ष्यांची असली तरी नाण्यांच्या किंवा गिरिभ्रमणाच्या मंडळालाही ती लागू पडतील.

पहिली पायरी: किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहावे

काम हाती येताच रंग, मांडणी आणि छायाचित्रे बदलण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि पहिल्या आठवड्यात फक्त तीन गोष्टींचा शोध घ्यावा: डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचे नाव-पत्ता) कोणाच्या खात्यावर नोंदलेले आहे, होस्टिंगचे (म्हणजे संकेतस्थळ ज्या भाड्याच्या संगणकावर राहते त्या जागेचे) पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, आणि पासवर्ड बदलायचा झाल्यास ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच व्यक्तीचे नाव असेल, तर आपले संकेतस्थळ मंडळाचे नसून त्या व्यक्तीचे आहे असे समजावे, मग ती व्यक्ती कितीही सज्जन असो.

आमच्या मंडळाला हे चांगलेच महागात पडले. डोमेन एका जुन्या सभासदांनी आपल्या नोकरीच्या ईमेलवरून घेतले होते. त्यांनी नोकरी सोडली, तो ईमेल बंद झाला, नूतनीकरणाची स्मरणपत्रे बंद पेटीत जात राहिली, आणि ऐन ऑक्टोबरात, तलावांवर पहिली स्थलांतरित बदके उतरू लागलेली असताना, आमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. डॉट कॉम आणि डॉट ऑर्गसारख्या नावांची मुदत संपली की साधारणतः काही दिवस ती नेहमीच्या दराने परत घेता येतात. नोंदणी रद्द झाल्यावर ३० दिवसांचा आणखी एक अवधी असतो, ज्यात जादा शुल्क भरावे लागते. तोही उलटला तर पाच दिवसांनी ते नाव जगातील कोणालाही विकत घेता येते. आम्ही त्या ३० दिवसांच्या आत होतो म्हणून नाव वाचले, परंतु त्यासाठी दुर्बीण घेण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून खर्च करावा लागला.

म्हणून सर्वप्रथम मंडळाच्या नावाने एक स्वतंत्र ईमेल उघडावा आणि डोमेन, होस्टिंग व संकेतस्थळ ही तिन्ही खाती त्या ईमेलवर आणावीत. पैसे मंडळाच्या कोषाध्यक्षांमार्फत भरावेत आणि शक्य असल्यास डोमेन एकदम अनेक वर्षांसाठी घ्यावे. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. दुपदरी पडताळणी चालू ठेवावी, पण ती चालू करताना मिळणारे राखीव कोड छापून घ्यावेत, कारण ओटीपी येणारा फोन हरवला तर तेच कोड कामी येतात. आम्ही या सर्वांसाठी एक साधी शंभर पानी वही केली आहे. तिला आम्ही किल्ल्यांची वही म्हणतो. तिच्यात कोणते खाते कोठे आहे, नूतनीकरणाची तारीख कोणती आणि अडचण आल्यास पहिल्यांदा काय करायचे हे हाताने लिहिलेले आहे. तिची एक प्रत सचिवांच्या घरी आणि दुसरी कोषाध्यक्षांच्या घरी असते. पासवर्ड मात्र वहीत न लिहिता पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवावेत आणि त्या ॲपची मुख्य किल्ली दोघांना ठाऊक असावी.

दुसरी पायरी: येणारा काय विचारतो ते बघावे

सुधारणा कोठून सुरू करावी हे समजण्याचा एक उत्तम मार्ग आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ज्यांनी आपले संकेतस्थळ कधीही उघडलेले नाही अशा व्यक्तीच्या हाती त्यांचाच मोबाइल द्यावा, ‘आपली पुढची सहल कधी आहे ते शोधा’ एवढेच सांगावे आणि आपण एक शब्दही न बोलता बघत बसावे.

मी ही परीक्षा दांडिया बाजारात राहणाऱ्या, नुकत्याच सभासद झालेल्या एका काकूंकडून करवून घेतली. त्यांनी पान उघडले. आधी एक मोठे छायाचित्र उलगडायला वेळ लागला. मग मंडळाच्या स्थापनेचा इतिहास आला. काकू अंगठ्याने पान वर सरकवत राहिल्या, खाली पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आली, आणि त्या थांबून म्हणाल्या, “अरे, यात तारीख कुठेच नाही की!” सहलींचे पान वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या आत होते. त्या रेघा दाबायच्या असतात हे त्यांना माहीत नव्हते. त्यांना ती नक्षी वाटली. त्या दिवशी मला कळले की आमचे पहिले पान आम्ही आमच्या कौतुकासाठी लिहिले होते.

नवखा माणूस बहुतेक वेळा चारच गोष्टी विचारत असतो: पुढचा कार्यक्रम कधी व कोठे आहे, मला येता येईल का, किती खर्च येईल आणि कोणाशी बोलायचे. ही चार उत्तरे पहिल्या पानावर, काहीही न दाबता, मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर दिसली पाहिजेत. इतिहास, पदाधिकारी आणि पुरस्कार यांना जागा अवश्य द्यावी, परंतु ती आतल्या पानांवर. तीन रेघांच्या जागी ‘सहली’, ‘पक्षी’, ‘संपर्क’ असे सरळ शब्द लिहावेत.

तिसरी पायरी: साधन निवडावे

या विषयावर मंडळांत उगीच लांबलचक चर्चा होतात, म्हणून मी माझे मत थोडक्यात देतो. ज्या मंडळात संगणकाची जाण असलेली दोन तरी माणसे आहेत, त्यांनी वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे: ते २००३ पासून चालत आलेले आहे, मराठीतून वापरता येते आणि त्यात प्रशासक, संपादक, लेखक अशा वेगवेगळ्या अधिकारांची खाती देता येतात. प्लगइन (जादा सोयींसाठी वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) मात्र मोजके ठेवावेत, कारण प्रत्येक प्लगइन अद्ययावत ठेवावा लागतो आणि न ठेवलेला प्लगइन चोराला उघडे दार ठरतो. ज्या मंडळात तशी माणसे नाहीत त्यांनी गूगल साइट्स वापरावे. देखणेपणात ते कमी पडेल, पण बिघडणार नाही. ते मंडळाच्या खात्यातूनच उघडावे आणि त्या खात्यात अधूनमधून प्रवेश करत राहावे, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते. कोणतेही साधन घेतले तरी पत्ता https ने सुरू होईल असे सुरक्षा प्रमाणपत्र असावे. बहुतेक होस्टिंगवाले ते फुकट देतात, त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला आधी कारण विचारावे.

चौथी पायरी: सहलीचे पान नीट लिहावे

हौशी मंडळाच्या संकेतस्थळाचा प्राण कार्यक्रमाच्या पानात असतो, म्हणून इथे सर्वाधिक वेळ घालवावा. आमच्या सहलींपैकी बऱ्याच वढवाण्याला असतात. डभोई तालुक्यातला हा तलाव बडोदे संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी बांधला. आज तिथे हिवाळ्यात हजारो पाणपक्षी उतरतात आणि २०२१ पासून तो रामसर यादीतील आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ओळखला जातो. एवढे लिहिले की पान छान दिसते, पण येणाऱ्याचे काम होत नाही. काम होण्यासाठी पान साधारण असे असावे:

‘वढवाणा तलाव. रविवार, १५ डिसेंबर २०२४. जमण्याची जागा: सयाजीबागेचे काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडचे दार. जमण्याची वेळ: पहाटे ५:४५, गाडी ६:०० ला सुटेल. परत येण्याची वेळ: दुपारी साधारण १:००. गाडीचा वाटणीचा खर्च सहलीच्या दिवशी रोख द्यावा, प्रवेशशुल्क वेगळे. मुलांना पालकांसोबत येता येईल. सोबत आणावे: पाणी, टोपी, गरम कपडे, नाश्ता. भडक रंगाचे कपडे टाळावेत. दुर्बीण नसेल तरी यावे, मंडळाकडे चार आहेत. शौचालयाची सोय तलावाच्या प्रवेशद्वाराजवळ आहे की नाही ते संयोजक आदल्या दिवशी कळवतील. हा मजकूर शेवटचा तपासला: १० डिसेंबर.’

यातली प्रत्येक ओळ कोणी तरी विचारलेल्या प्रश्नातून आली आहे. वार आणि वर्ष दोन्ही लिहावेत, कारण नुसते ‘१५ डिसेंबर’ लिहिलेले पान पुढच्या वर्षीही खरे वाटते. वेळेसोबत पहाट, सकाळ किंवा दुपार हा शब्द असावा. शौचालयाची ओळ सुरुवातीला आम्ही संकोचाने घालत नसू. ती घातल्यापासून महिला सभासदांनी आवर्जून तिचे स्वागत केले आहे. डिसेंबरात बडोद्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, हेही आम्ही आता लिहितो, कारण अंधारात बागेच्या दाराशी उभे राहावे लागणार आहे याची कल्पना नव्या माणसाला असावी.

सहल रद्द झाली तर पान पुसू नये. त्याच पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘रद्द’ लिहावे, कारण द्यावे आणि पुढची तारीख कळवावी. एकदा आम्ही धुक्यामुळे सहल पुढे ढकलली, व्हॉट्सॲपच्या गटात निरोप टाकला आणि संकेतस्थळावर बदल करायचे विसरलो. गटात नसलेले एक जोडपे दोन लहान मुलांना घेऊन पहाटे काळ्या घोड्यापाशी येऊन पाऊण तास थांबले होते. ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की बदल आधी संकेतस्थळावर करायचा आणि मग गटात त्याची लिंक टाकायची. गटात मजकूर वेगळा लिहायचाच नाही. त्यामुळे माहिती एकाच ठिकाणी राहते आणि दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या वेळा दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

सहल झाल्यावर आठ दिवसांच्या आत त्याच पानाखाली किती जण आले, कोणते पक्षी दिसले आणि पाण्याची पातळी कशी होती हे चार-पाच ओळींत लिहावे. पाणपक्ष्यांची आशियाई गणना दर जानेवारीत होते. आपल्या भागात ती १९८७ पासून चालू आहे. अशा गणनेला उतरणाऱ्या नव्या सभासदाला मागच्या वर्षीच्या या चार-पाच ओळींचा फार उपयोग होतो. एका ठिकाणच्या दहा वर्षांच्या अशा ओळी एकाखाली एक आल्या की त्या पानाला जे मोल येते ते कोणत्याही सजावटीने येत नाही.

पाचवी पायरी: उत्तरायणाचे पान आधीच तयार ठेवावे

प्रत्येक मंडळाच्या वर्षात एक आठवडा असा येतो की ज्यात अनोळखी माणसे मोठ्या संख्येने त्याच्या संकेतस्थळावर येतात. आमच्यासाठी तो उत्तरायणाचा आठवडा असतो. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्याचे आकाश पतंगांनी भरते, आणि मांजाने पंख कापलेली कबुतरे, घारी आणि शराटी गच्च्यांवर व झाडांवर सापडतात. ज्याच्या गच्चीवर असा पक्षी पडतो तो घाबरलेल्या अवस्थेत मोबाइलवर शोधू लागतो. त्याला त्या वेळी मंडळाची ओळख नको असते, काय करायचे ते हवे असते.

एका वर्षी आमच्या पानावर आदल्या वर्षीचा एका स्वयंसेवकाचा क्रमांक तसाच राहिला होता. शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा जखमी काळ्या शराटीला चपलांच्या खोक्यात घेऊन माझ्याच दारात आला आणि म्हणाला की तासभर फोन लावतो आहे, कोणी उचलत नाही. शराटीच्या पंखात गुंतलेला मांजा त्याने ओढून काढायचा प्रयत्न केला होता आणि त्यामुळे जखम वाढली होती. आमच्या पानावर पहिली ओळ ‘मांजा ओढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा’ अशी असती तर ते टळले असते.

आता हे पान आम्ही ५ जानेवारीपूर्वी तपासतो आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर आणतो. त्यात सूचना अशा क्रमाने आहेत: पक्ष्यावर हलकेच सुती कापड टाकावे; गुंतलेला मांजा न ओढता कात्रीने कापावा; हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावे; चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये; आणि लगेच मदत मागवावी. गुजरात सरकार या दिवसांत करुणा अभियान चालवते आणि १९६२ हा पशुरुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, तो सर्वांत वर मोठ्या अक्षरांत असतो. असा प्रत्येक क्रमांक पानावर टाकण्यापूर्वी दर वर्षी स्वतः लावून पाहावा आणि शेजारी ‘तपासला’ म्हणून तारीख घालावी. पान हलके असावे, त्यावर एकही छायाचित्र नसले तरी चालेल, कारण ते गच्चीवर, कमकुवत नेटवर्कमध्ये उघडले जाणार असते.

सहावी पायरी: अक्षरे, भाषा आणि नावे

आमचे जुने वार्षिक अंक युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टांमध्ये टंकलेले आहेत. त्या फॉन्टांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा आकार बसवलेला असे, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर अर्थहीन रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. असा मजकूर संकेतस्थळावर जसाच्या तसा चिकटवू नये. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर एका माणसाने मुळाबरहुकूम वाचून काढावा. रफार आणि जोडाक्षरे हटकून चुकतात. एका वर्षी दोन अंक या गतीने आमचे काम चालले आहे, आणि ते घाईने करण्याजोगे नाही.

पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये नोंदवावे. ही एक क्षुल्लक दिसणारी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे ज्या फॉन्टांत तशी सोय आहे त्यांत मराठी वळणाचे ल आणि श उमटतात, आणि डोळे अधू असलेल्या सभासदांसाठी मजकूर वाचून दाखवणारे ॲपही मराठी उच्चारांकडे वळते. देवनागरीत मात्रा वर व उकार खाली येतात म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुराहून थोडे जास्त ठेवावे आणि अक्षर पुरेसे मोठे असावे. आमच्या मंडळात साठी ओलांडलेले सभासद बरेच आहेत आणि करड्या पार्श्वभूमीवरची करडी अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. पानाचे पत्ते मात्र रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवावेत. ‘वढवाणा’ हा शब्द पत्त्यात घातला आणि तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्यातील सहा चिन्हांची ५४ अक्षरांची टक्केवारीच्या खुणांनी भरलेली माळ होऊ शकते, आणि अशा लिंकवर बोट ठेवायला लोक बिचकतात.

बडोद्यात खरा प्रश्न तीन भाषांचा असतो. घरी मराठी बोलणारा सभासद बाहेर गुजराती वाचतो आणि पक्ष्याचे नाव इंग्रजीतून शिकलेला असतो. सगळे संकेतस्थळ तीनदा लिहिण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला. सहा महिन्यांत तिन्ही आवृत्त्यांत वेगवेगळ्या तारखा दिसू लागल्या. आता फक्त सहलीचे पान आणि उत्तरायणाचे पान मराठी व गुजरातीत असते, बाकी सर्व मराठीत, आणि पक्ष्यांच्या नावांचा मात्र एक सर्वांना पुरेल असा तक्ता आहे: मराठी नाव, गुजराती नाव, इंग्रजी नाव आणि शास्त्रीय नाव. कोणत्याही भाषेतले नाव शोधले तरी माणूस त्याच ओळीवर पोहोचतो.

हा तक्ता करताना फार आनंद मिळाला, हे मला मोकळेपणाने सांगावेसे वाटते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला, वढवाण्यावर थव्यांनी दिसणारा जो कूट हा पाणपक्षी, त्याला मराठीत वारकरी म्हणतात आणि गुजरातीत भगतडुं. दोन भाषांतील सामान्य लोकांनी त्याच टिळ्याकडे पाहून त्याला भक्तच म्हटले. हळदी-कुंकू बदक, थापट्या, नकटा ही नावे ज्या आज्यांनी आणि कोळ्यांनी ठेवली त्यांची नजर किती बारीक होती हे ती नावे एकाखाली एक लिहिताना जाणवते. आपल्या मंडळाचा विषय कोणताही असो, त्यातल्या शब्दांचा असा तक्ता करावा. जुन्या सभासदांशी बोलण्याचे ते उत्तम निमित्त आहे, आणि शोधयंत्रातून येणारी नवी माणसेही बहुधा याच पानावर उतरतात.

सातवी पायरी: छायाचित्रे, आणि काय दाखवू नये

कॅमेऱ्यातून निघालेले छायाचित्र आठ-दहा एमबीचे असू शकते. ते १६०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी किंवा जेपीजी स्वरूपात जतन केले की दोन-तीनशे केबीत बसते आणि मोबाइलवर फरक जाणवत नाही. प्रत्येक छायाचित्राखाली पक्ष्याचे नाव, ठिकाण, महिना आणि छायाचित्रकाराचे नाव असावे, त्यांची परवानगी ईमेलने घेऊन ठेवावी, आणि न दिसणाऱ्यांसाठी एका वाक्यात चित्राचे वर्णन भरावे.

आता याहून महत्त्वाचे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवले तर ही माहिती निघून जाते, पण दर्जा टिकावा म्हणून तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ती तशीच राहते, आणि संकेतस्थळासाठी सभासद हमखास डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात. म्हणून चढवण्यापूर्वी ही माहिती पुसावी. सारस पावसाळ्यात भाताच्या शेतात घरटे करतो. त्या घरट्याची नेमकी जागा एका छायाचित्रातून बाहेर पडली तर पुढच्या रविवारी बांधावर गर्दी होते, जोडी घरटे सोडून जाऊ शकते आणि शेतकऱ्याचे पीक तुडवले जाते ते वेगळेच. आमचा नियम कडक आहे: घरटे, पिल्ले आणि घुबडांची वस्तीची झाडे यांची जागा लिहायची नाही, तालुक्यापलीकडे तपशील द्यायचा नाही आणि छायाचित्र हंगाम संपल्यावरच लावायचे. ईबर्डसारखे मोठे नोंदणी-व्यासपीठही संवेदनशील जातींची नेमकी जागा लपवते. नाण्यांच्या मंडळाने सभासदाच्या घरातील संग्रहाबाबत हीच काळजी घ्यावी.

सभासदांच्या माहितीचेही तसेच. मोबाइल क्रमांकांची यादी उघड्या पानावर ठेवू नये, नोंदणीच्या फॉर्ममध्ये लागते तेवढेच विचारावे आणि सहल झाल्यावर ते पुसावे. लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय लावू नयेत; २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

आठवी पायरी: महिन्याची देखभाल

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक तास पुरतो. वर्डप्रेस व प्लगइन अद्ययावत करावेत, पण त्याआधी प्रत काढावी. प्रतींचा जुना नियम सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची एक प्रत होस्टिंगवर, एक ड्राइव्हवर आणि एक सचिवांच्या घरच्या हार्डडिस्कवर असते. वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडून पाहावी, कारण कधी न उघडलेली प्रत म्हणजे प्रत असल्याचा नुसता समज असतो. संपर्काचा फॉर्म स्वतः भरून पाहावा. आमचा फॉर्म एकदा चार महिने कोणालाच ईमेल पाठवत नव्हता आणि आम्ही मात्र हल्ली कोणी विचारत नाही म्हणून खंत करत होतो. एखाद्या पानाचा पत्ता बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण द्यावे, म्हणजे कोणी जपून ठेवलेली लिंक तुटत नाही. महत्त्वाची पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करून ठेवावीत. ती सोय विनामूल्य आहे.

किती जणांनी पान पाहिले या आकड्यांत फार गुंतू नये. लोक कोणते शब्द शोधत आपल्यापर्यंत आले ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये दिसते, ते मात्र अवश्य वाचावे.

नववी पायरी: काम सोपवावे

पावसाळ्यात आमच्या सहली कमी होतात, म्हणून मोठे बदल आणि सोपवण्याचे काम जून ते सप्टेंबर या काळात करतो. काम घेणारा सभासद आधी दोन महिने लेखकाच्या अधिकारावर असतो; तो सहलींचे अहवाल चढवतो आणि छायाचित्रे लहान करतो. ऑगस्टमध्ये त्याला संपादक करतो. सप्टेंबरात त्याला प्रशासक करतो, आणि किल्ल्यांची वही घेऊन आम्ही दोघे सचिवांच्या घरी बसतो आणि वहीतले प्रत्येक खाते त्याच्या हाताने उघडून पाहतो: डोमेन, होस्टिंग, ईमेल, प्रत. जिथे तो अडतो तिथे वहीतली ओळ अपुरी आहे असे समजून ती तिथल्या तिथे दुरुस्त करतो. मी तोंडी काही सांगत नाही, कारण पुढच्या खेपेला मी शेजारी नसेन.

मग ऑक्टोबरातल्या पहिल्या सहलीचे पान तो एकटा लिहितो. मी ते फक्त वाचतो, तारीख आणि वार जुळतात का ते पाहतो, आणि त्याच संध्याकाळी तो माझे खाते प्रशासकावरून संपादकावर आणतो.